वाचक पाण्यात उभा नसतो

सोमवार, १० नोव्हेंबर

स्वरदाने रोज चार ओळी इंग्रजीत लिहायला सांगितल्या आहेत. लिहिल्या. 'आय गेट अप. आय टेक बाथ. आय गो टू रिव्हर.' वाचून वाटलं, हा कोणीतरी फारच गुणी माणूस दिसतो. इंग्रजीत मी नको तितका सभ्य होतो. म्हणून ही दुसरी वही मराठीत, कोणाला न दाखवता.

एकसष्टाव्या वर्षी इंग्रजीची शिकवणी लावली म्हणून गंगेवरचे, म्हणजे नाशकात गोदेवरचे, सगळे गुरुजी मला 'सर' म्हणायला लागले आहेत. म्हणोत. यजमानांची नवी पिढी 'गुरुजी, प्लीज शेअर लोकेशन' एवढंच बोलते. आजोबा दर सिंहस्थाला नदीकाठच्या आमच्या ओट्यावर यायचे, नातवाला आमचं नावही माहीत नाही. सिंहस्थ तोंडावर आलाय. तेव्हा ठरवलं, पंधरा दिवसांतून एकदा रामकुंडावरची एखादी गोष्ट इंग्रजीत लिहायची आणि सगळ्यांना फोनवर पाठवायची. आपलं इथे कोणीतरी आहे, एवढं त्यांना कळलं तरी पुष्कळ झालं.

गोदावरी म्हणाली, "आधी मराठीतलं अक्षर सुधारा." बायकोचं आणि नदीचं नाव एकच असलं की दोघींपुढे आपलं काही चालत नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

स्वरदाचा वर्ग पंचवटी कारंजाजवळ, चष्म्याच्या दुकानावर. शेजारच्या बाकांवर व्हिसासाठी थांबलेल्या सुना आणि स्पर्धा परीक्षेची मुलं. आज तिने फळ्यावर बारा काळांचा तक्ता काढला. बारा. मी म्हटलं, आमच्याकडे भूत, वर्तमान आणि भविष्य या तिघांवर सगळी सृष्टी चालली आहे.

पण एक काळ मला फार आवडला. 'आय हॅव ईटन.' मी जेवलो, आणि ते जेवण अजून माझ्याजवळ आहे. स्वरदा म्हणाली, "काका, गोष्ट झाली, पण तिचा परिणाम अजून शिल्लक आहे." म्हणजे हाताला वास आहे. घरी येईपर्यंत मी हाच विचार करत होतो की माझ्या आयुष्यातल्या कोणत्या गोष्टी नुसत्या झाल्या आणि कोणत्यांचा वास हाताला आहे.

मग मी तिला विचारलं, संस्कृतात भूतकाळ तीन. आज घडलेलं एक, आजच्या आधी घडलेलं दुसरं, आणि जे बोलणाऱ्याने स्वतः पाहिलंच नाही त्याचं क्रियापद वेगळं. तुमच्या इंग्रजीत न पाहिलेल्याचं काय करतात? ती म्हणाली, "काही नाही. 'मला असं सांगण्यात आलं' असं वेगळं वाक्य जोडायचं." एवढी मोठी भाषा, बारा काळ, आणि ही सोय नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पहिला लेख तिला दाखवला. संकल्प म्हणतो तशीच सुरुवात केली होती. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा उत्तरार्ध, श्वेतवाराह कल्प, मग जंबुद्वीप, मग दंडकारण्य. स्वरदाने शांतपणे वाचलं आणि म्हणाली, "काका, गोदावरी यायला तीन पानं लागली."

मी म्हटलं, हीच पद्धत आहे. कुठल्याही कार्याआधी आपण कुठे आणि कधी उभे आहोत ते सांगावं लागतं.

"तुमचा यजमान पाण्यात उभा असतो, हातात दर्भ असतो. तो पळू शकत नाही. वाचक पाण्यात उभा नसतो, काका. तो पळतो."

मला राग आला. पण भाजीबाजारातून येताना एक आजोबा नातवाला काहीतरी सांगत होते, तो ऐकत नव्हता, आणि ते थांबून म्हणाले, "मग एक वाघ आला." पोरगं जागेवर उभं राहिलं. घरी येऊन मी कल्प, मन्वंतर, जंबुद्वीप सगळं खोडलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

नवी सुरुवात अशी: 'द वॉटर इज अ‍ॅट द चेस्ट ऑफ मारुती.' रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलंय. महापुराचा दिवस. स्वरदा म्हणाली, वर्तमानकाळात लिहा, म्हणजे वाचकाचे पाय भिजतील. हे मला नवीन नाही. कीर्तनकार हेच करतात. राजा उठतो, धनुष्य उचलतो, असंच सांगतात, आणि बायका पदर सावरून बसतात. पण हे माझं मला सुचलं नव्हतं, हे खरं.

शेवटी तिने आणखी एक युक्ती सांगितली, अर्ध्यावर थांबा. मी थांबलो. पाणी चढतंय, सगळे गुरुजी वर पळालेत, आणि एक जण अजून पायरीवर आहे, कोणा यजमानाची तांब्याची भांडी गोळा करतोय. बास.

पाठवायची यादी गोदावरीने फोनमध्ये करून दिली. त्यात एक नंबर नावाशिवाय आहे, चित्रात नुसता तांब्या. विचारलं तर म्हणाली, "असेल कोणी जुना यजमान." आणि कुकर बघायला गेली. कुकर लावलेलाच नव्हता.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

निम्म्या लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. तीन जणांनी सुप्रभात. खरं उत्तर एकच आलं, त्या तांब्याचं. एकच शब्द: 'मग?'

दिवसभर मी खुशीत होतो. कोण असेल हा? मराठीत उत्तर देतोय, म्हणजे इंग्रजी समजतं पण त्याचा तोरा नाही. वाचल्याच्या निळ्या खुणा सगळ्यात आधी त्याच्याच आल्या, पहाटे, मी संध्येला बसतो त्या सुमाराला. म्हणजे लवकर उठणारा. नाहीतर परदेशात असेल, तिकडे संध्याकाळ असेल. असा एक वाचक असला की लिहायला हुरूप येतो.

शुक्रवार, ५ डिसेंबर

पुढचा भाग पाठवला. पायरीवरच्या माणसाला दोघांनी दोरी टाकून ओढून काढलं, भांड्यांसकट. दोरी धरणाऱ्यांतला एक मी होतो. पायरीवरचा माणूस म्हणजे त्र्यंबकअण्णा, माझा चुलतभाऊ. लेखात नाव घातलं नाही, 'वन प्रीस्ट' एवढंच लिहिलं. नाव घालायचं काही कारण नव्हतं.

तांब्याने वाचलं, पण उत्तर दिलं नाही.

अण्णाबद्दल इथे लिहून टाकतो, एकदाचं. आमच्या आजोबांनी यजमानांची गावं वाटून दिली तेव्हा गोदाकाठची, सायखेड्याकडची गावं अण्णाच्या घराकडे आली आणि चांदवडकडची आमच्याकडे. दुसऱ्याच्या यजमानाच्या हातावर पाणी घालायचं नाही, हा आमच्यातला नियम. सोवळं एकवेळ मोडेल, हा मोडत नाही. गेल्या सिंहस्थात चांदवडची माझी मंडळी, अख्खी बस, अण्णाच्या ओट्यावर जाऊन बसली, आणि अण्णाने त्यांचं सगळं केलं. विचारलं तर म्हणाला, "ते आपणहून आले. मी बोलावलं नव्हतं." असं म्हणायला काय लागतं? तेव्हापासून बोलणं बंद आहे. दोघांच्या ओट्यांमध्ये दहा पावलंही नाहीत.

आज त्याने नवी शाल घेतलेली दिसली, विटकरी. खोकला कमी आहे. मी काही मुद्दाम बघत नाही, समोरच असतो तो.

शुक्रवार, १२ डिसेंबर

तिसऱ्या लेखासाठी गोष्ट सापडत नव्हती. माझ्याकडे गोष्टी आहेत, पण त्या सगळ्या कोणीतरी किती दक्षिणा दिली इथे येऊन संपतात. मग सिंधुबाईची आठवली.

सायखेड्याची सिंधुबाई. नवरा खंडेराव गेला, पौषात, कडाक्याच्या थंडीत. अस्थी घेऊन बाई स्वतः आल्या, पाण्यात उतरल्या, मंत्र संपले, पण हातातला कलश सोडेनात. माणसं खोळंबली. शेवटी त्यांनी गुरुजींना विचारलं, "पाणी गार हाय का? त्यांना गार पाणी सोसत नाय." गुरुजी म्हणाले, "कोमट आहे, बाई." मग त्यांनी सोडलं.

ही अण्णाची गोष्ट. बोलणं होतं तेव्हा चहा पिताना त्याने एकदा सांगितली होती, आणि सांगून झाल्यावर बराच वेळ कपाकडे बघत बसला होता.

स्वरदाला तोंडी सांगितली. तिचे डोळे भरले. म्हणाली, "काका, ही 'मी' करून लिहा. वर्तमानकाळात." मी म्हटलं, मी तिथे नव्हतो. मध्ये 'मला सांगण्यात आलं' असं वाक्य घालू का? ती म्हणाली, "घाला, पण तिथे वाचक ढिला पडेल."

म्हणून नाही घातलं. 'आय अ‍ॅम स्टँडिंग इन द वॉटर, अँड माय फीट आर कोल्ड.' गुरुजींना मी पाण्यातही उतरवलं, त्याशिवाय प्रसंग रंगत नव्हता.

सोमवार, १५ डिसेंबर

लेख भराभर पसरला. चांदवडहून, पुण्याहून, कुठल्याशा ह्यूस्टनहून उत्तरं. एकाने लिहिलं की तो गाडी बाजूला घेऊन रडला. शेजारच्या ओट्यावरच्या काळे गुरुजींच्या जावयाने पुढे पाठवला, त्याच्याकडून आणखी कुठे कुठे गेला.

गोदावरीने वाचला. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे, पण ती ते घरात काढत नाही. म्हणाली, "गुरुजी कधीपासून पाण्यात उतरायला लागले?" मी म्हटलं, हे लेखनाचं तंत्र आहे. "आणि हे 'मी' कोण?" तेही तंत्रच आहे, म्हटलं.

तांब्याच्या निळ्या खुणा आल्या. बाकी काही नाही. सगळ्या जगाने वाहवा केली तरी मी पुन्हा पुन्हा तोच बघतोय. त्याला आवडला नसेल का? का नसेल आवडला?

सोमवार, २२ डिसेंबर

कॅनडातून सार्थक नावाच्या मुलाचा मेसेज. इंग्रजीत, मोठा. सिंधुबाई त्याची आजी. ती ऑक्टोबरमध्ये तिकडेच, मुलाकडे असताना, वारली. अस्थी घरी ठेवल्या आहेत. वडिलांना, मनोजरावांना, एवढंच आठवत होतं की रामकुंडावर एक गुरुजी होते. नाव, ओटा काही नाही. 'नाऊ वी हॅव फाउंड यू,' असं त्याने लिहिलंय. हॅव फाउंड. सापडलात, आणि सापडलेले आहात. जानेवारीत तो अस्थी घेऊन येतोय. माझ्याकडे.

मी तो मेसेज तीनदा वाचला आणि आधी मला आनंद झाला. लिहून ठेवतो, कारण तो आनंद फार वेळ टिकला नाही.

गोदावरीला वाचून दाखवला. "सायखेड्याचे ना ते?" म्हणाली.

"हो. पण मी बोलावलं नाही. ते आपणहून येताहेत."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि आत गेली. माझ्या तोंडाला काही लागलं होतं की काय, कळेना. आरशात पाहिलं. काही नव्हतं.

मंगळवार, ३० डिसेंबर

सार्थकला अजून नीट उत्तर दिलेलं नाही. 'ओके, वेलकम' एवढंच कळवलंय. तीन वेळा लिहायला बसलो की ते गुरुजी मी नव्हे. दर वेळी वाक्य अडतं. इंग्रजीचा दोष म्हणावा तर मराठीतही अडतं.

स्वतःला समजावतो की त्या पोराला काय फरक पडतो? मंत्र तेच, पाणी तेच. आणि अण्णाने नाही का माझी बस घेतली होती? मग आठवतं, की हा आजीला सात समुद्रांवरून अशासाठी आणतोय की ज्या हाताने आजोबांना निरोप दिला त्याच हाताने आजीला मिळावा. तो हात माझा नाही. शिवाय अण्णाला कळलं, तर आम्ही दोघं मरेपर्यंत दहा पावलांवर बसून राहू आणि एकमेकांच्या तेराव्यालाही जाणार नाही. हे लिहिल्यावर मला घाबरल्यासारखं झालं. आत्तापर्यंत मला वाटायचं की हे भांडण आहे, केव्हातरी मिटेल.

स्वरदाला विचारलं, गोष्ट एकदा पाठवल्यावर दुरुस्त करता येते का? म्हणाली, "करता येते की. पण आधीची वाचलेली लोकांच्या डोक्यातून काढता येत नाही."

बुधवार, ७ जानेवारी

उद्या येतोय. निफाडकडे पारा फार खाली गेलाय, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवल्यात म्हणे. गोदावरीने माझा लोकरीचा बनियन काढून ठेवला. म्हणाली, "उद्या लागेल." मग जाता जाता म्हणाली, "अण्णा भावजी उद्या ओट्यावर आहेत. वहिनींनी सांगितलं." या दोघींचं बोलणं चालू आहे, हे मला आजच कळलं. केव्हापासून ते विचारायचं धैर्य झालं नाही.

गुरुवार, ८ जानेवारी

सावकाश लिहितो. आज काही खोडायचं नाही.

पंचवटीतल्या मालेगाव स्टँडवर सार्थकला घ्यायला गेलो. उंच, दाढी, पाठीवर पिशवी आणि पोटाशी धरलेला कलश. मी इंग्रजीची तयारी करून गेलो होतो. तो वाकून पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, लय थंडी हाय ओ हितं. कॅनडाची परवडली." सगळी भाषा आजीची. मराठी वाचता येत नाही, पण बोलतो जसा सायखेड्याचा म्हातारा.

चालता चालता म्हणाला, "आजी सांगायची, त्या गुरुजींचा आवाज लय घोगरा. तुमचा तर गोड हाय."

मला म्हणता आलं असतं की वयानुसार आवाज बदलतो. वाक्य तयारही होतं, तिन्ही काळांत. माझा ओटा आला. काळे गुरुजींनी मान वर केली. मी थांबलो नाही, चालत राहिलो, आणि दहा पावलं पुढे जाऊन अण्णासमोर उभा राहिलो.

"अण्णा," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी ते नाव मोठ्याने घेतलं. "हे तुझे यजमान. सायखेड्याचे, खंडेरावांचे नातू. चुकून माझ्याकडे आले होते. आपणहून आले, अण्णा. मी बोलावलं नव्हतं."

बोललो आणि मग ऐकलं. माझंच वाक्य, पण माझं नव्हतं ते. त्याचं होतं, जसंच्या तसं. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला नदीकडे बघायचीही बुद्धी झाली नाही.

अण्णा माझ्याकडे बघत होता. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "माहीत आहे. असं होतं कधी कधी."

मग सार्थककडे वळला. "बस बाळा. सिंधुबाई गेल्या का?" आणि यजमानांच्या नोंदींचं आपलं बाड उघडून त्याला आजोबांची सही दाखवली.

पोरगं गोंधळलं होतं. मी त्याला सरळ सांगितलं की ते गुरुजी हे. मी फक्त ऐकलं होतं आणि 'मी' म्हणून लिहिलं. त्याने विचारलं, "पण गुरुजी पाण्यात उतरत्यात, ते तर खरं ना?"

अण्णा म्हणाला, "मी नाही उतरत. पण याने लिहिलंय ना? मग हा उतरेल."

मी धोतर खोचलं. गोदावरीने बनियन का काढून ठेवला होता ते पाणी पोटऱ्यांना लागल्यावर कळलं. सार्थक माझ्या शेजारी, अण्णा वर पायरीवर, विटकरी शाल घेऊन. त्याने संकल्प सुरू केला, ब्रह्मदेवापासून, एक अक्षर न गाळता, आणि जंबुद्वीप, दंडकारण्य करत गोदावरीच्या तीरावर आला. तोपर्यंत माझे पाय बधिर झाले होते. मला तो लांब वाटला नाही. त्या पोराला इथपर्यंत यायला तेवढा रस्ता लागतोच.

मंत्र संपले. सार्थकने कलश धरून ठेवला होता. मला वाटलं, विचारणार नाही, शिकलेला मुलगा आहे.

"गुरुजी, पाणी गार हाय का?"

मी वर अण्णाकडे पाहिलं. अण्णा म्हणाला, "त्याला विचार. पाण्यात तो आहे."

"कोमट हाय," मी म्हणालो. 'हाय' तोंडात कसं आलं, माहीत नाही. त्याने आजीला सोडलं.

सार्थक गेल्यावर अण्णाने चहा सांगितला. दोन. मी कुडकुडत होतो, त्याने शाल माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाला, "मी तेव्हा पायरीवरूनच सांगितलं होतं, कोमट आहे म्हणून. अंगावर शाल होती माझ्या. बाईंना कळलं होतं. तरी त्यांनी मानलं." मग कपाकडे बघत बसला, तसाच. "तू गुरुजींना पाण्यात उतरवलंस, ते वाचून बरं वाटलं मला."

"तू कुठे वाचलंस?"

त्याने फोन काढून पुढे धरला. वर माझं नाव होतं, खाली त्याने पाठवलेला 'मग?'. मग त्याने स्वतःचं चित्र उघडून दाखवलं, तोच तांब्या. तांब्या ओळखायला हवा होता मी. महापुरात दोरीला धरून वर आला तेव्हा त्याच्या काखेत होता तो.

"इंग्रजी कधी शिकलास?" मी विचारलं.

"नाही शिकलो. गोदावरी पाठवते तुझ्या वहिनीला मराठी करून. पुराचं तू फार छान लिहिलंस. पण नाव नाही घातलंस माझं."

शुक्रवार, ९ जानेवारी

सकाळी दोन कामं केली. पुराचा लेख नव्याने पाठवला, 'वन प्रीस्ट' काढून 'माय ब्रदर त्र्यंबक' घालून. सिंधुबाईचाही लिहायला घेतलाय, तिथेही 'मी' काढतोय. वाचक ढिला पडला तर पडो.

दुसरं, त्या बिननावाच्या नंबराला नाव दिलं. अण्णा.

निळ्या खुणा लगेच आल्या. तो समोरच होता, दहा पावलांवर, फोन डोळ्यांपासून लांब धरून. मान वर न करता त्याने काहीतरी टाइप केलं आणि माझा फोन वाजला.

'मग?'

मी उठलो आणि त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो.